उत्तर मागणे वेगळे, मदत मागणे वेगळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या लेखी कामाची उत्तरे दुसऱ्याकडून किंवा संगणकाकडून तयार करून घेतात आणि जशीच्या तशी सादर करतात, अशी तक्रार करणारी काही पत्रे अलीकडे आपल्या सदरात वाचली. त्या पत्रांतील कळकळ खरी आहे आणि तक्रारीत तथ्यही आहे. मात्र विद्यार्थ्यांना बाहेरून कोणतीही मदत घेऊच देऊ नये, हा त्यांतून काढलेला निष्कर्ष मला पटला नाही. मी गेली २२ वर्षे पदवीच्या वर्गांना मानसशास्त्र शिकवते. एवढ्या काळात माझ्याकडे प्रश्न घेऊन आलेल्यांपैकी कामचुकार म्हणावेत असे फारच थोडे होते. बाकीचे अडलेले होते. अडलेल्याला मदत नाकारली म्हणजे तो आपोआप स्वतः विचार करू लागतो, असे होत नाही. जिथे त्याला कोणी उलट प्रश्न विचारत नाही आणि उत्तर मात्र आयते हातात मिळते, अशा ठिकाणी तो जातो. म्हणून मदत घ्यावी की घेऊ नये या वादापेक्षा ती मागावी कशी आणि द्यावी कशी, याविषयी, आणि तेही केवळ माझ्या विषयापुरते, थोडे सविस्तर लिहीत आहे.

मानसशास्त्र हा विषय बाहेरून सोपा दिसतो आणि अडचणीची सुरुवात तिथेच होते. रसायनशास्त्रातील एखादी संज्ञा कळली नाही, तर ती कळलेली नाही हे विद्यार्थ्याला लगेच समजते, कारण तो शब्द त्याने एरवी कधी ऐकलेलाच नसतो. स्मृती, प्रेरणा, बुद्धी, भावना, शिक्षा हे शब्द मात्र आपण सगळेच दिवसभर वापरतो. त्यामुळे शास्त्राने त्या शब्दाला दिलेला नेमका अर्थ बाजूलाच राहतो, रोजच्या बोलण्यातला अर्थ त्याची जागा घेतो, आणि आपली गफलत झाली आहे याची विद्यार्थ्याला शंकाही येत नाही. ज्याला शंकाच आली नाही, तो प्रश्न तरी कोणता विचारणार?

काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली. ‘नकारात्मक प्रबलन आणि शिक्षा यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा’ असा प्रश्न होता. तिने दोन पाने लिहिली होती, अक्षर वळणदार होते, आणि दोन्ही पानांवर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली होती. मुलाने चूक केली, त्याला रागावले, हे नकारात्मक प्रबलन. मुलाने चूक केली, त्याला मारले, ही शिक्षा. हे कुठून घेतलेस, असे मी विचारले नाही. मोटारीत बसल्यावर पट्टा लावला नाही तर काय होते, एवढेच विचारले. ती म्हणाली, ‘टूं टूं वाजत राहते.’ पट्टा लावला की? ‘थांबते.’ मग दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर तू काय करशील? ‘आधी पट्टा लावीन.’ म्हणजे पट्टा लावण्याचे वर्तन वाढले की कमी झाले? ती थांबली, वहीकडे पाहिले, आणि ‘वाढले’ असे म्हणता म्हणताच तिने पहिल्या पानावर तिरकी रेघ मारली.

तिला जे उमगले ते असे. प्रबलन म्हणजे वर्तन वाढवणारी गोष्ट, मग ते वाढणे काही दिल्यामुळे असो की काही नकोसे काढून घेतल्यामुळे. शिक्षा म्हणजे वर्तन कमी करणारी गोष्ट. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या मांडणीतील धन आणि ऋण ही चिन्हे बेरीज-वजाबाकीची आहेत, चांगल्या-वाईटाची नाहीत. सगळा घोळ ‘नकारात्मक’ या शब्दाने केला, कारण मराठीत नकारात्मक म्हटले की वाईट, निराश, नकोसे असेच काहीतरी मनात येते. काही ठिकाणी त्यासाठी ‘ऋण प्रबलन’ असा शब्द वापरतात आणि मला तोच अधिक पसंत आहे, कारण गणितातील ऋण चिन्हाला कोणी वाईट म्हणत नाही. या सगळ्या संभाषणाला सात-आठ मिनिटे लागली असतील. तिला मी उत्तराचे एकही वाक्य सांगितले नव्हते, तरी ती मदत घेऊनच गेली.

अशा दोन प्रकारच्या मदतींतील फरक मानसशास्त्राने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. शॅरन नेल्सन-ल गॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८१ मध्ये मदत मागण्याच्या वर्तनाविषयी जी मांडणी केली, तिच्यात हाच धागा आहे. आपले काम दुसऱ्याने उरकून द्यावे म्हणून मागितलेली मदत एका बाजूला, आणि ते काम पुढच्या वेळी आपल्याला एकट्याने करता यावे म्हणून मागितलेली, आवश्यक तेवढीच मदत दुसऱ्या बाजूला. त्याआधी मदत मागणे हे बऱ्याच अंशी परावलंबनाचे लक्षण मानले जात असे. दुसऱ्या प्रकारची मदत मागायला आपल्याला काय येते आणि नेमके काय येत नाही याचा अंदाज असावा लागतो, आणि तो अंदाज हेच शिकण्यातले मोठे पाऊल असते. आपल्या सदरातील पत्रलेखकांनी हे दोन्ही प्रकार सरसकट एकाच मापाने मोजले आहेत, अशी माझी नम्र तक्रार आहे.

आयते उत्तर का टिकत नाही, हेही आमच्याच विषयात मोजले गेले आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर उताऱ्याकडे न पाहता आठवेल तेवढे तीन वेळा लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आठवत होता, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ७१ टक्के. आठवड्याने चित्र पालटले. वाचणाऱ्यांकडे सुमारे ४० टक्के उरले आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे सुमारे ६१ टक्के. आपल्याला पुढे चांगले आठवेल असा भरवसा मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. हे आकडे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आयते उत्तर वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते, कारण वाक्ये ओळखीची होतात, आणि ओळख पटणे म्हणजे आठवणे नव्हे. परीक्षेच्या दालनात समोर कोरा कागद असतो, ओळखायला काहीच नसते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी एकच अट घालते. आधी पुस्तक मिटून, येईल तसे, चुकत-माकत का होईना, चार ओळी लिहून आण. त्या चार ओळी चुकीच्या असल्या तरी चालतात, किंबहुना चुकीच्या असल्या तर माझे काम सोपे होते, कारण गाठ कुठे बसली आहे ते त्यांतच दिसते.

आता प्रश्न विचारण्याविषयी. मला येणारे बहुतेक संदेश ‘मॅडम, मिलग्रॅमचे उत्तर पाठवा ना’ अशा स्वरूपाचे असतात. यात प्रश्नच नसतो. मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाचे वर्णन करायचे आहे की मूल्यमापन, त्यावरील नैतिक आक्षेप मांडायचे आहेत की आज्ञापालन कोणत्या परिस्थितीत घटते ते सांगायचे आहे, यातले काहीच कळत नाही. ‘वर्णन करा’, ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’ आणि ‘चिकित्सक मूल्यमापन करा’ ही चार वेगवेगळी कामे आहेत. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण विषय न समजल्यामुळे जात नाहीत, प्रश्नातील क्रियापद न वाचल्यामुळे जातात, असा माझा अनुभव आहे. मदत मागताना प्रश्न जसा छापला आहे तसा पूर्ण लिहावा, आपण काय लिहिले ते जोडावे, आणि ‘इथपर्यंत समजले, इथून पुढे समजत नाही’ असे बोट ठेवून सांगावे. असा संदेश लिहायला दहा मिनिटे लागतात आणि पुष्कळदा तो लिहिता लिहिताच उत्तर सापडते. पाठवण्याची गरज उरली नाही, असे दुसऱ्या दिवशी येऊन सांगणारे विद्यार्थी मला भेटले आहेत.

मिलग्रॅम यांचाच दाखला पुढे नेते, कारण तयार उत्तरांचा तोकडेपणा त्यात स्पष्ट दिसतो. स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये येल विद्यापीठात हे प्रयोग सुरू केले आणि पहिला अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या माणसाचे उत्तर चुकले की बटण दाबून त्याला विजेचा धक्का द्यायचा आणि दर चुकीला तो वाढवत न्यायचा, असे सहभागी व्यक्तीला सांगितले जाई. ४० पुरुषांपैकी २६ जण प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्या माणसाला प्रत्यक्षात धक्का बसत नव्हता, पण हे त्यांना ठाऊक नव्हते. हा ६५ टक्क्यांचा आकडा प्रत्येक तयार उत्तरात असतो आणि ‘माणूस मुळात आज्ञाधारक असतो’ असा निष्कर्ष काढून ते उत्तर संपते. पण मिलग्रॅम यांनी हा प्रयोग अनेक प्रकारे बदलून केला होता. ज्या प्रकारात सहभागी व्यक्तीच्या शेजारी बसलेल्या दोन साथीदारांनी, जे खरे तर प्रयोगकर्त्यांचेच लोक होते, पुढे जाण्यास नकार दिला, त्यात ४० पैकी केवळ ४ जण शेवटपर्यंत गेले. आज्ञा देणारा तोच, यंत्र तेच, आणि तरी २६ चे ४ झाले. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की निष्कर्ष माणसाच्या स्वभावाकडून परिस्थितीकडे सरकतो, आणि ‘मूल्यमापन करा’ या शब्दांना काही अर्थ येतो. चांगली मदत करणारा विद्यार्थ्याला हा दुसरा आकडा सांगत बसत नाही. ‘प्रयोग बदलला तेव्हा काय झाले ते शोधलेस का?’ एवढेच तो विचारतो.

प्रश्नाची शब्दरचना उत्तराला वळण लावते, हेही मला इथे नोंदवावेसे वाटते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा’ असे विचारले गेलेल्यांनी सरासरी ताशी ४० मैलांच्या आसपास वेग सांगितला. जिथे आदळण्याच्या जागी केवळ ‘एकमेकींना टेकल्या’ अशा अर्थाचे क्रियापद होते, तिथे तो ३२ मैलांच्या आसपास आला. हा प्रयोग परीक्षेसाठी पाठ करणारे विद्यार्थी संगणकाला मात्र ‘फ्रॉइड अशास्त्रीय का होता’ असे विचारतात. यंत्र निमूटपणे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याविरुद्धचे मुद्दे काढून देते, आणि विद्यार्थ्याला वाटते की त्याने मूल्यमापन केले. ‘फ्रॉइड यांच्या कोणत्या विधानांची चाचणी घेता येते आणि कोणत्या विधानांची येत नाही’ असे विचारले असते तर वेगळेच उत्तर मिळाले असते.

यंत्राविषयी माझे मत सरळ आहे. एखादी संकल्पना न समजल्यास ती सोप्या शब्दांत सांगून घेणे, स्वतःला दहा प्रश्न विचारून घेणे, आपल्या उत्तरातील तर्क कुठे तुटतो ते दाखवून घेणे, यासाठी ते उपयोगी पडते आणि त्याला हरकत घेण्याचे मला कारण दिसत नाही. पण संदर्भांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. एका विद्यार्थ्याने स्मृतीवरील निबंधाला जोडलेल्या यादीतील एक लेख मला कुतूहल वाटले म्हणून मी त्याच्यासोबत ग्रंथालयात शोधला. नियतकालिक खरे होते, वर्ष आणि खंडही जुळत होते, मात्र त्या पानांवर भलताच लेख छापलेला होता. यादीतील लेख कोणी कधी लिहिलेलाच नव्हता. त्या मुलाने फसवण्याच्या हेतूने ते केले नव्हते. इतक्या नीटनेटक्या स्वरूपात आलेली माहिती खोटी असू शकते, हेच त्याच्या ध्यानात आले नव्हते.

नीटनेटकी माहिती चुकीची असण्यासाठी यंत्रच लागते असे नाही, आणि वृत्तपत्राला लिहीत असल्यामुळे त्याचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हिस या तरुणीचा खून झाला. ३८ जण तो पाहत असूनही कोणी मदतीला धावले नाही, अशी बातमी तिथल्या एका प्रमुख दैनिकाने दिली. त्या घटनेने अस्वस्थ होऊन डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी बघ्यांच्या वर्तनावर जे प्रयोग केले आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध केले, ते महत्त्वाचे ठरले. पण ३८ साक्षीदारांची ती बातमी मात्र पुढे तपासाअंती अतिरंजित असल्याचे दिसून आले. खून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणारे ३८ जण नव्हतेच, आणि तिच्या शेवटच्या क्षणी एक शेजारीण तिच्याजवळ होती. तरीही हा आकडा पुस्तकातून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत अखंड फिरतो आहे. मानवी गरजांची उतरंड मांडणाऱ्या मास्लो यांच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडची आकृती नाही, ही गोष्टही वर्गात सांगितली की विद्यार्थी चकित होतात, कारण तो त्रिकोण न काढता प्रेरणेचे उत्तर लिहिता येते हेच त्यांना माहीत नसते. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा त्यांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांत सार्थक निष्कर्ष पुन्हा मिळाला. हा विषय स्वतःला असा तपासत असताना त्याच्या विद्यार्थ्याने दहा वर्षांपूर्वीचे तयार उत्तर उतरवणे म्हणजे विषयाचा गाभाच सोडून देणे होय.

‘सार्थक’ हा शब्द वर आला, त्यावरही चार शब्द. संख्याशास्त्राच्या प्रश्नात विद्यार्थ्यांच्या नाकी नऊ येतात आणि सर्वाधिक उसनी उत्तरे तिथेच असतात. संभाव्यता ०.०५ पेक्षा कमी आली की निष्कर्षाला सहसा सार्थक म्हणतात, आणि त्याचा अर्थ आपले गृहीतक ९५ टक्के खरे ठरले, असे अगदी हुशार विद्यार्थीही लिहितात. तसा त्याचा अर्थ नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तरीही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी आहे, एवढेच त्यातून कळते. तो फरक मोठा आहे की महत्त्वाचा आहे, हे वेगळे तपासावे लागते.

प्रयोगवहीची गोष्ट याहून गंभीर आहे. प्रतिक्रियाकालाच्या प्रयोगात ध्वनीला दिलेला प्रतिसाद साधारणपणे प्रकाशाला दिलेल्या प्रतिसादापेक्षा लवकर येतो. एका विद्यार्थ्याच्या नोंदी नेमक्या उलट आल्या. मित्रांनी त्याला आकडे ‘नीट करून’ लिहायला सांगितले आणि त्याने तसे लिहिलेही, पण रात्रभर मनाला टोचणी लागली म्हणून सकाळी तो मूळ कच्चा कागद घेऊन माझ्याकडे आला. पेन्सिलीने लिहिलेले आकडे घामाने थोडे पुसले होते. आम्ही दोघांनी तो कागद समोर ठेवून पाहिला, तेव्हा लक्षात आले की त्याने ध्वनीच्या सगळ्या फेऱ्या आधी घेतल्या होत्या आणि प्रकाशाच्या सगळ्या नंतर. त्याच्या प्रयुक्ताचा, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला त्या व्यक्तीचा, हात तोवर चांगला बसला होता. प्रकाशाच्या वेळी दिसलेला वेग बहुधा त्या सरावाचा होता. अशा वेळी दोन्ही प्रकारच्या फेऱ्या आलटून पालटून का घ्यायच्या, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते आणि ती ओळ कोणी वाचत नाही. त्या मुलाने खरे आकडे लिहिले, चर्चेत क्रमाचा परिणाम मांडला, आणि माझ्या हातून त्या वर्षी सर्वाधिक गुण त्या वहीला गेले. आकडे दुरुस्त करून देणाऱ्या मित्रांनीही आपल्या परीने त्याला मदतच केली होती. ती त्याने तशीच राहू दिली असती तर प्रयोग म्हणजे काय हे त्याला कधीच कळले नसते.

आमच्या विषयात आणखी एक गोष्ट घडते, ती इतर विषयांच्या शिक्षकांच्या वाट्याला क्वचितच येत असेल. कधी कधी अभ्यासाचा म्हणून विचारलेला प्रश्न अभ्यासाचा नसतो. नैराश्याच्या निदानाचे निकष शिकवताना मी सांगते की प्रचलित निकषांनुसार ९ लक्षणांपैकी किमान ५ लक्षणे सलग दोन आठवडे असावी लागतात, आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी असावे लागते. हे लिहून घेतल्यावर एका विद्यार्थिनीने नंतर एकटीने येऊन विचारले की मधले एक-दोन दिवस बरे गेले तर दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का. असा प्रश्न तिच्या लेखी कामात कुठेच नव्हता. मी वही बाजूला ठेवली आणि ‘तू कशी आहेस?’ असे विचारले. पुढचे बोलणे इथे लिहिण्याचे कारण नाही. मी शिक्षिका आहे, उपचार करणारी नाही, म्हणून माझे काम तिच्यासोबत समुपदेशकाच्या दारापर्यंत जाण्याचे होते आणि ते मी केले. विकारांचे प्रकरण वाचताना जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्यात दोन-चार लक्षणे दिसतात आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यात काळजीचे काही नसते, हेही खरे. पण त्या दोहोंतला फरक समोर बसलेल्या माणसाला चेहऱ्यावरून, आवाजावरून, प्रश्न विचारताना घेतलेल्या दीर्घ श्वासावरून जाणवतो. विद्यार्थ्यांनी प्रश्न घेऊन कुठे जाऊच नये असा नियम केला, तर ती मुलगी कोणाकडे गेली असती, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारून आपण शिक्षक मोकळे होऊ शकत नाही. ज्यांना मदतीची सर्वांत अधिक गरज असते तेच बहुधा सर्वांत कमी विचारतात, कारण विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल अशी त्यांना भीती असते. ती भीती आम्हीच वर्षानुवर्षे पोसली आहे. ‘एवढेही येत नाही?’ हे शब्द माझ्याही तोंडून गेले आहेत, आणि त्यानंतर त्या विद्यार्थ्याने वर्षभरात दुसरा प्रश्न विचारला नाही, हे मला पक्के आठवते. शिवाय पाच-पाच वर्षे तेच प्रश्न तसेच देत राहिलो, तर त्यांची उत्तरे बाजारात तयार मिळणारच. प्रश्न बदलणे आमच्या हातात आहे. ‘विस्मरणाची कारणे लिहा’ याऐवजी ‘गेल्या आठवड्यात तुम्ही विसरलेल्या तीन गोष्टी नोंदवा आणि प्रत्येकीला विस्मरणाची कोणती उपपत्ती लागू पडते व कोणती पडत नाही ते सांगा’ असा प्रश्न मी देऊन पाहिला. उत्तरे ओबडधोबड आली, काही चुकीची आली, पण एकही उत्तर दुसऱ्यासारखे नव्हते आणि ती तपासताना मला कंटाळा आला नाही.

म्हणून आपल्या सदरामार्फत माझ्या दोन मागण्या आहेत. प्रत्येक लेखी कामासोबत कोणत्या प्रकारची मदत चालेल आणि कोणती चालणार नाही, हे शिक्षकांनी स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. आज ते बहुतेक ठिकाणी कोणीच सांगत नाही आणि नंतर विद्यार्थ्याला चोर ठरवले जाते. आणि आठवड्यातून अर्धा तास तरी असा ठेवावा, की ज्यात केवळ अर्धवट, खाडाखोड केलेली उत्तरे घेऊन यावे आणि त्यांना गुण देऊ नयेत. माझ्यापुरते मी ठरवले आहे की येत्या सत्रापासून प्रत्येक उत्तराखाली दोन ओळींची जागा सोडायची. कोणाकडून आणि कशासाठी मदत घेतली, आणि त्यानंतर आपल्या लिखाणात काय बदलले, एवढेच त्या जागेत लिहायचे. संगणकाची मदत घेतली असेल तर तसेही लिहायचे. प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल कोणाचेही गुण कापले जाणार नाहीत, हे मी वर्गात सांगणार आहे. ज्या शिक्षकांनी असे काही आधीच करून पाहिले असेल त्यांनी, आणि विशेषतः ज्या विद्यार्थ्यांना हे अव्यवहार्य वाटते त्यांनी, आपले अनुभव याच सदरातून कळवले तर सत्र सुरू होण्यापूर्वी मला त्यात सुधारणा करता येईल.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक शिक्षिका